कनातीच्या अलीकडे

नारायणगावला वडिलांनी मला पहिल्यांदा नेलं ते तमाशा ठरवायला. मी सहावीत होतो. आमचं गाव तिथून दहा-बारा किलोमीटरवर. यात्रा चैत्र वद्य अष्टमीची. पाडवा जवळ आला की यात्रा कमिटीचे पाच-सहा जण एस.टी.नं नारायणगाव गाठायचे, कारण तमाशाच्या फडांच्या राहुट्या तेव्हाही तिथंच पडायच्या आणि आजही तिथंच पडतात. पुणे-नाशिक रस्त्याच्या अंगाला ओळीनं कापडी राहुट्या, प्रत्येकीच्या तोंडाशी फडाच्या नावाचा बोर्ड, आत सतरंजी, एक लोखंडी पेटी, टेबल आणि टेबलामागे मॅनेजर. गावोगावची माणसं या राहुटीतून त्या राहुटीत जातात, भाव काढतात, चहा पितात, उठतात, फिरून पुन्हा त्याच राहुटीत येतात. जमलं की सुपारी. इसार मॅनेजरच्या हातावर पडतो, करारावर तारीख चढते, आणि गावात सांगावा जातो की अमक्या बाईचा फड ठरला. या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते यामुळे.

सगळ्या तारखांचा भाव सारखा नसतो. ज्या तिथीला जास्त गावांच्या यात्रा, त्या दिवशीची सुपारी चढी. आमची अष्टमी अशीच जड तिथी. त्यामुळे घासाघीस फार चालायची. कमिटीतले एकेक जण विचारायचे, बायका किती, ढोलकीला कोण, सोंगाड्या कोण, नवी गाणी कुठली. वडील शेवटपर्यंत गप्प बसायचे आणि सगळं ठरत आलं की एवढंच विचारायचे, ‘वग कोणता? आन् राजाचं काम कोण करतंय?’

त्या वर्षीचा राजा मला अजून दिसतो. गण झाला, गवळण झाली, मावशीनं लोकांना हसवून हसवून बेजार केलं, रंगबाजीची गाणी झाली. वग उभा राहिला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. मी पुढं, अगदी बोर्डाला, म्हणजे रंगमंचाला, छाती लावून बसलो होतो. त्या माणसाचा आवाज असा होता की माईक नुसता शोभेला ठेवला आहे असं वाटावं. कैद झालेला राजा दरबारात उभा आहे आणि खाली मान घालत नाही, असा प्रसंग होता. मागं झाडावर बसलेली पोरंसुद्धा शिट्ट्या थांबवून ऐकत होती. माझ्या शेजारचा म्हातारा डोळ्याला फेट्याचा शेव लावून बसला होता.

सकाळी आम्ही चार पोरं कनातीमागं गेलो. राजा उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसला होता. अंगात बनियन, कमरेला टॉवेल. खोबरेल तेलाचं बोट गालावर फिरवून फडक्यानं रंग पुसत होता. रंगाखालची कातडी सुरकुतलेली होती, डोळे तांबारलेले. आमच्यातला थोरला पोरगा म्हणाला, ‘ए राजा, तलवार दाखव की.’ त्यानं निमूट तलवार दाखवली. लाकडाची होती, वर बेगड चिकटवलेली. आम्ही हसलो. मग तो म्हणाला, ‘पोरांनो, हंडाभर पाणी आणाल का?’ त्यांचाच हंडा घेऊन मी जवळच्या घरी गेलो. त्या घरची बाई रात्री बायकांच्या बाजूला बसून शेवटपर्यंत वग बघत होती, मी तिला पाहिलं होतं. ती म्हणाली, ‘हंडा तिथंच खाली ठेव, कट्ट्याला लावू नको.’ आणि लांबून, वरून धार धरून तिनं पाणी घातलं.

त्या वयात मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पाणी मिळालं, मी नेऊन दिलं. पुढं कितीतरी वर्षांनी त्या धारेचा अर्थ कळला. तेव्हापासून एक प्रश्न माझ्याबरोबर आहे: आपण ज्यांच्यावर जीव टाकतो त्या कलावंतांशी आपलं नक्की नातं काय असतं, आणि ते कुठल्या रेषेपर्यंत येऊन थांबतं?

नारायणगावात हा प्रश्न विचारायचा तर सुरुवात विठाबाईंपासूनच होते. जन्म 1935 चा, पंढरपुरातला, म्हणून नाव विठा. वडील भाऊ आणि चुलते बापू, दोघांच्या नावाचा फड. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर: या एका नावात बाप, जात आणि गाव अशी तिन्ही येतात आणि तेच नाव गावोगावच्या भिंतींवर, बोर्डांवर, लोकांच्या तोंडी गेलं. 1957 आणि 1990 असा दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तमाशासम्राज्ञी ही पदवी लोकांनीच दिली.

त्यांची एक हकीकत या भागात पोराटोरांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या कनातीमागं गेल्या, तिथंच बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली, आणि पुढं पब्लिक ‘विठा, विठा’ म्हणून ओरडत होतं म्हणून पोटाला लुगडं आवळून परत बोर्डावर आल्या. मघाचं पोट दिसेना तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं. ओरडा थांबला. लोकांनीच हात जोडले आणि खेळ बंद करायला सांगितला.

ही हकीकत सांगणारे बहुतेक जण विठाबाईंच्या हिमतीशी थांबतात. ती हिंमत मोठीच आहे. पण माझं मन त्या पब्लिककडं जातं. दोन मिनिटांपूर्वी हीच माणसं बाईला बाहेर काढा म्हणून ओरडत होती. तिकिटाचे पैसे मोजलेले, रात्र काढायला आलेली माणसं. ती गप्प झाली कारण बाई त्यांच्यापासून दहा हातांवर उभी होती. तिचा चेहरा त्यांना दिसत होता, आणि आपला चेहरा तिला दिसतोय हेही त्यांना कळत होतं. त्या दहा हातांच्या अंतरात लाज वाटायला जागा होती. मला वाटतं, तमाशानं प्रेक्षकाला जे दिलं त्यात ही जागा सगळ्यात मोलाची होती.

मराठी रंगभूमीवर याचा जोड दाखला आहे. 1911 च्या मार्चमध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. रसिकांचा विरस नको म्हणून ते त्या रात्री उभे राहिले. रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्यांच्यासारखा शालू नेसावा, त्यांच्यासारखी वेणी घालावी म्हणून पांढरपेशा घरांतल्या बायका झुरल्या. इतकं प्रेम क्वचितच कुणाच्या वाट्याला आलं असेल. विठाबाईंच्या वाट्याला गर्दी आली, शिट्ट्या आल्या, दौलतजादा आला. पण त्यांच्यासारखं दिसावं असं कुठल्या घरातल्या बाईनं उघडपणे म्हटल्याचं मी ऐकलं नाही. कळ दोघांनी सारखीच गिळली होती. फरक होता तो बघणाऱ्यांच्या घराचा आणि नाचणाऱ्यांच्या जातीचा.

आणि शेवट तर आपल्याला माहीतच आहे. विठाबाई 15 जानेवारी 2002 ला गेल्या. अखेरच्या आजारपणात दवाखान्याचं बिल भागवण्याइतके पैसे नव्हते, ते लोकांच्या मदतीतून भरावं लागलं. 2006 पासून राज्य शासन त्यांच्या नावानं तमाशातल्या कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलीच गोष्ट आहे. पण हकीकतीतलं ते पब्लिक, हात जोडणारं, मला त्या शेवटच्या दिवसांत कुठं दिसत नाही. कनातीच्या तोंडाशी ते हळवं झालं, आणि खेळ संपल्यावर आपापल्या बैलगाड्या जुंपून घरी गेलं. त्यात माझे आजोबा असतील. त्यांच्या जागी मी असतो तरी वेगळं काही केलं असतं, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

सिनेमा आला तशी ही ओढ वेगळ्या वळणानं गेली. ‘सांगत्ये ऐका’ 1959 चा. पुण्याच्या विजयानंद टॉकीजला तो 131 आठवडे चालला. तमाशाचीच गोष्ट, पण ती बघायला तमाशाच्या तंबूकडं कधी न फिरकणारी कुटुंबं गेली. पडद्यावरच्या नाचणारीला बघताना घरंदाज बाईला काही चोरटं वाटत नव्हतं, कारण ती नाचणारी खरी नव्हती. तिला पाणी द्यायची वेळ कुणावर येणार नव्हती.

माझ्या आजीनं जन्मात दोनच सिनेमे पाहिले. त्यातला एक ‘माहेरची साडी’, 1991 चा, नारायणगावच्या टॉकीजला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आळीतल्या सगळ्या बायका गेल्या होत्या. परत आल्यावर आजी दोन दिवस नीट जेवली नाही. नायिकेचं अलका कुबल हे नाव तिला ठाऊक नव्हतं. ‘त्या पोरीचं’ म्हणायची, जसं भावकीतल्या एखाद्या लेकीबद्दल बोलावं तसं. त्या पोरीला छळणाऱ्यांवर तिचा राग खरा होता. पडद्यावरचे खलनायक निळू फुले यांच्या बाबतीत तर महाराष्ट्रभर हेच झालं. तमाशाच्या मांडवातून, ‘कथा अकलेच्या कांद्याची’मधून आलेला हा सज्जन, सेवा दलाचा माणूस, पण गावातल्या बायका त्यांचा चेहरा दिसला की पदर सावरायच्या आणि बोटं मोडायच्या. त्यांनी ते आपल्या कामाची पावती म्हणून घेतलं. मला यात त्या बायकांचं अडाणीपण दिसत नाही. पडद्यावर जे दाखवलं ते त्यांनी मनापासून मानलं होतं, एवढंच.

मग टीव्ही घरात आला. 1987 साली ‘रामायण’ लागलं तेव्हा आमच्या गावात दोनच संच होते. ज्यांच्या घरी बघायला जायचो त्यांनी संचाला हार घातलेला मी पाहिलाय. चपला बाहेर, उदबत्ती आत. याच आमच्या पट्ट्यात आर्वीला 1971 पासून उपग्रहाचं भू-केंद्र उभं आहे, देशातलं पहिलं व्यावसायिक. लहानपणी एस.टी.तून ती थोरली छत्री दिसली की आम्हाला वाटायचं, सगळे राम-लक्ष्मण तिच्यातूनच उतरतात.

नारायणगावनं टीव्हीलाही एक राजा दिला. अमोल कोल्हे इथलेच. 2008 मध्ये ‘राजा शिवछत्रपती’, पुढं 2017 पासून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’. ही दुसरी मालिका लागायची त्या वेळी आमच्या घरी फोन उचलला जात नसे. संभाजीराजे दरबारात आले की आई बसल्या जागी सावरून बसायची, पाय दुमडून घ्यायची. 2019 मध्ये ते शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि मालिका त्यानंतरही काही महिने चालू होती. त्या काळात गावात आले तर बायका औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. कुणी साहेब म्हणे, कुणी डॉक्टर म्हणे, पण बऱ्याच जणांच्या तोंडून राजेच निघे. राजकारणात कुणी कुणाला का मत दिलं यात मला शिरायचं नाही. माणसं भूमिकेला नमस्कार करतात यातही मला काही गैर वाटत नाही. ज्या राजाबद्दल एवढं वाटतं त्याचा चेहरा कुणीतरी धारण केला, तर हात आपोआप जुळतात.

पण हात जुळताना बघितले की मला पेटीवर बसलेला तो दुसरा राजा आठवतो. कांताबाई सातारकर आठवतात. बाईमाणूस असून त्यांनी तमाशाच्या बोर्डावर शिवाजी महाराजांची भूमिका गाजवली. विठाबाईंच्या नावाचा पहिला पुरस्कार त्यांनाच मिळाला आणि 2021 च्या मे महिन्यात, करोनाच्या लाटेत, त्या गेल्या. बोर्डावरच्या राजांना कुणी ओवाळलं नाही. त्यांची सकाळ आम्ही पाहिली होती, हे एक कारण. तेलाचं बोट, बेगडाची तलवार, चुलीवरचा चहा, ट्रकच्या सावलीत झोपलेली पोरं. टीव्हीवरच्या राजाला सकाळच नसते. दुसरं कारण जास्त जुनं आहे आणि ते बोलायला जड जातं. पडद्यावरचा माणूस न विचारता उंबऱ्याच्या आत आला. बोर्डावरच्या माणसाचा तळ गावानं कायम वेशीबाहेर ठेवला. फडाच्या नावातच जात लिहिलेली असताना त्याला आत घेणं गावाला जमलं नाही, आणि त्यामुळे उत्तम वगसुद्धा पहाटेपुरता राहिला.

आता फोन. याबद्दल मला थोडं रागानं बोलायचं आहे.

तमाशात दाद द्यायला दोन हात लागतात. टाळीला दोन, शिट्टीला एका हाताची दोन बोटं, फेटा उडवायचा तर एक हात मोकळा पाहिजे. गेल्या काही वर्षांत यात्रेच्या मैदानात मी मागं उभा राहून बघतो तर पुढच्या निम्म्या लोकांचे हात वर असतात आणि त्यात मोबाइल. बोर्डावरच्या मुलीला समोर चेहरे दिसतच नाहीत, काळ्या पाट्या दिसतात. गाणं संपतं आणि टाळी येत नाही, कारण हात गुंतलेले. एका फडातल्या ढोलकीवाल्यानं मला सांगितलं, ‘पूर्वी तोड्याला पब्लिकची मुंडी हलायची, त्यावर आम्ही पुढचा तोडा धरायचो. आता कुणाकडं बघून वाजवायचं?’

नारायणगावजवळच खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 छत्र्यांची. आकाशातले क्षीण आवाज टिपणारी. तिथं आत जाताना मोबाइल बंद करायला लावतात, कारण एका फोनचा गलबलासुद्धा त्या आवाजांवर चढतो. मी मुलांना घेऊन गेलो होतो, तेव्हा फोन बंद करताना पहिल्यांदा मनात आलं की यात्रेच्या मैदानातही ही पाटी लावायला हवी.

फोनमुळं नुसती दाद गेली असती तरी मी सोसलं असतं. 2023 च्या फेब्रुवारीत एका लोकप्रिय नर्तिकेचं कपडे बदलताना चोरून केलेलं चित्रण महाराष्ट्रभर फिरलं. पुण्यात गुन्हा नोंदला गेला. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण लिहिलं तर कुणीतरी ते शोधायला लागेल. ते चित्रण आमच्या गावच्या एका ग्रुपवर आलं होतं. ज्यानं टाकलं तो वाईट मुलगा नाही, दुधाचा धंदा नीट करतो, गणपतीत राबतो. मी त्याला गाठून विचारलं तर म्हणाला, ‘सगळीकडंच आलंय की.’ त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती आणि दुष्टपणाही नव्हता. त्याला ती मुलगी दिसतच नव्हती. विठाबाईंच्या पब्लिकला कनातीमागं काय घडलं हे कळलं तेव्हा त्यानं खेळ थांबवला. आम्हाला कनातीमागचं दिसलं आणि आम्ही ते पुढं पाठवलं. तेव्हाचं पब्लिक आमच्यापेक्षा भलं होतं असं मी म्हणत नाही. हंड्यात वरून पाणी घालणारं तेच होतं. पण त्याच्यासमोर बाई उभी होती. आमच्या हातातल्या पडद्यावर कुणीच उभं नसतं, आणि म्हणून हात जोडायची वेळ आपल्यावर येतच नाही.

कलावंत हा नवस फेडायचा देव नाही, तसाच सुपारी देऊन आणलेली वस्तूही नाही, हे आम्हा यात्रेकरूंना शिकायला फार वेळ लागला. पुरतं शिकलोय असं अजून वाटत नाही.

त्या चित्रणाच्या आधी, 2020 आणि 2021 अशी दोन वर्षं करोनामुळं यात्रा झाल्या नाहीत. पाडव्याला एरवी राहुट्यांनी गजबजणारी जागा मोकळी पडली. तमाशातली माणसं हंगामाच्या आधी फडमालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर काम करून फेडतात. हंगामच नाही म्हटल्यावर फेडायचं काय आणि खायचं काय! त्या काळात आमच्या गावातल्या पोरांनी वर्गणी काढून एका फडाला किराणा पोचवला. अष्टमीच्या ठरलेल्या फडाला. नेऊन देणाऱ्यांत तो दूधवाला मुलगाही होता. परत आल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘गवळणीत राधा व्हायची ती बाई शेळ्या राखतीय.’ त्यानं तिला पहिल्यांदा दिवसाउजेडी, समोर बघितलं होतं.

वडील आता नाहीत. कमिटीत त्यांच्या जागी मी आहे. या वर्षी पाडव्याच्या आधी आम्ही नारायणगावला गेलो. राहुटीत चहा झाला, भावाचं बोलणं झालं, अष्टमी जड तिथी म्हणून आकडा चढाच होता. मॅनेजरनं लिहिता लिहिता विचारलं, ‘वग ठेवायचा का? हल्ली बरीच गावं नको म्हणतात. गाण्यांवरच रात्र काढू म्हणतात.’ कमिटीतली तरुण पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी विचारलं, ‘वग कोणता? आन् राजाचं काम कोण करतंय?’ मॅनेजरनं लेखणी थांबवली आणि मागं वळून हाक मारली. राहुटीच्या मागून एक म्हातारा माणूस हात पुसत आला, उभा राहिला. तो तोच होता का, हे मला ओळखता आलं नाही. मी उठून त्यांना सतरंजीवर बसायला जागा दिली आणि आमच्यासाठी आलेल्यातला चहा त्यांच्यापुढं केला. त्यांनी तो घेतला.

करारावर ‘वग पूर्ण होईल’ असं लिहून घेतलं आणि इसार दिला. मुक्कामाची सोय आम्ही या वर्षी शाळेच्या वर्गांत केली आहे, गावाच्या आत. यात्रा चैत्र वद्य अष्टमीला आहे. वग उशिरा उभा राहतो. फोन खिशात ठेवा आणि शेवटपर्यंत थांबा.